डी ड्राइव्ह रिकामा, तरी सी ड्राइव्ह लाल: जुन्या सीपीयूवर जागा करण्याचा माझा अनुभव

सेकंडहँड सीपीयूच्या सी ड्राइव्हची पट्टी आज ना उद्या लाल होतेच. कोणालाही दाखवा, उत्तर ठरलेलं: "फॉरमॅट मारनं पडी, भाऊ." मारणाऱ्याचं काय जातं? हिशेबाची टॅली पुन्हा ॲक्टिव्हेट करा, मराठी टायपिंगची श्री-लिपी पुन्हा टाका, अंगठा घेणाऱ्या थंब मशिनचं आरडी सर्व्हिस हे सॉफ्टवेअर पुन्हा बसवा, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा ड्रायव्हर कुठून तरी हुडकून आणा, हे सगळं आपल्याच गळ्यात. चोपड्याच्या कृषी केंद्रातल्या मशिनवर मी फॉरमॅटशिवाय जागा केली. तशी ती होते, फक्त दुकानातलं कोणी सांगत नाही.

मशिन म्हणजे कंपन्यांतून निघालेला नेहमीचा डबा: चौथ्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. विंडोज ११ या प्रोसेसरवर अधिकृतपणे चढत नाही, त्यामुळे सांगतोय ते १० धरून.

सोपं आधी उरकतो. सी वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिस्क क्लीनअप, आणि मग 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' हे बटण. ते न दाबता नुसतं ओके केलं तर चिल्लर हाती लागते. अपडेटचा जुना गाळ आणि विंडोज.ओल्ड (आधीच्या विंडोजच्या उरलेल्या फाइली) त्या बटणानंतरच यादीत येतात. यादीत 'डाउनलोड्स' दिसलं (विंडोज १० च्या काही आवृत्त्यांत दिसतं) तर तिथली टिक आधी काढा. इथून उडालेली फाइल रिसायकल बिनमध्येही सापडत नाही, आणि पीकविम्याच्या पावत्या सगळ्यांच्या डाउनलोड्समध्येच पडलेल्या असतात.

नंतर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून पॉवरसीएफजी, स्पेस, डॅश एच, स्पेस, ऑफ. हायबरनेशनची (मशिन बंद करताना चालू काम डिस्कवर साठवायची) फाइल साधारण रॅमच्या ४० टक्के जागा धरून बसते, म्हणजे इथे ३.२ जीबी एका ओळीत मोकळी. फास्ट स्टार्टअप त्याबरोबर बंद पडतं, मशिन सुरू व्हायला थोडा जास्त वेळ घेतं. मला चालतं. लोक मात्र सातबाऱ्याच्या पीडीएफ एकेक करून उडवत बसतात. काहीशे केबीची एक फाइल. हजार उडवल्या तरी या एका ओळीइतकी जागा होत नाही.

ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये 'कॉम्प्रेस धिस ड्राइव्ह' असा चौकोन दिसतो, त्याला हात लावू नका. जुना प्रोसेसर आणखी रडतो. विंडोज ७ वाल्या मशिनवर तर चालू करताना बूटएमजीआर (विंडोज सुरू करणारी फाइल) कॉम्प्रेस झाल्याची काळी स्क्रीन येऊन सगळं तिथेच थांबू शकतं.

हे सगळं करून मिळालेली जागा फार दिवस टिकत नाही. खरं दुखणं पार्टिशनचं, म्हणजे डिस्कच्या वाटणीचं आहे, आणि माझं डोकं फिरलं ते तिथेच.

सी ड्राइव्हचा आकार ४८.८ जीबी दिसतोय का बघा. दिसत असेल तर पार्टिशन पाडणाऱ्याने आकाराच्या चौकटीत ५०००० एमबी टाइप करून एंटर मारलेला असतो. (५० जीबी पूर्ण हवे असतील तर ५१२०० टाकावे लागतात, पण ते जाऊ द्या.) ५०० जीबीची डिस्क विंडोजला दिसते ४६५ जीबी. त्यातले ४८.८ सी ला आणि उरलेले चारशेच्या वर डी-ई ला, ते बहुतेक रिकामे. विंडोज १० ला स्वतःलाच किमान ३२ जीबीची डिस्क लागते. वर टॅली, ब्राउझर, व्हॉट्सॲप आणि अपडेट चढले की संपलं. विकताना सी ला १५० जीबी दिले असते तर त्या माणसाच्या खिशातून काय गेलं असतं?

मग वाटतं सोपं आहे: डी मधून थोडं काढून सी ला द्यायचं. विंडोज आणि एक्स दाबून डिस्क मॅनेजमेंट उघडलं, डी वर 'श्रिंक व्हॉल्यूम' केलं, जागा मोकळी झाली. सी वर राइट क्लिक केलं तर तो वाढवणारं 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' फिकट, दाबलंच जात नाही. दुकानात विचारलं की पुन्हा तेच, फॉरमॅट.

कारण साधं आहे. सी ला फक्त उजव्या बांधाला लागून असलेलं रिकामं वावर घेता येतं. डी श्रिंक केला की मोकळी जागा डी च्या शेवटाला निघते. सी आणि ती जागा यांच्या मध्ये डी तसाच उभा. म्हणून डी पूर्ण रिकामा करून उडवावाच लागतो. त्यातला डेटा ई वर न टाकता बाहेरच्या डिस्कवर न्या. का ते पुढे येतंच.

डी उडवायला गेलं की 'डिलीट व्हॉल्यूम' सुद्धा फिकट दिसू शकतं. सी ची जागा वाचवायला कोणीतरी पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती फाइल) डी वर हलवलेली असते, आणि पेजफाइल वापरात असलेला ड्राइव्ह विंडोज उडवू देत नाही. सिस्टिम प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, परफॉर्मन्सच्या सेटिंग्ज, त्यात पुन्हा ॲडव्हान्स्ड, व्हर्च्युअल मेमरी: डी ला 'नो पेजिंग फाइल', सी ला 'सिस्टिम मॅनेज्ड', दोन्हींनंतर 'सेट' बटण, मग रीस्टार्ट. 'सेट' न दाबता ओके केलं तर बदल होतच नाही.

डी उडाला, तरी एक्स्टेंड फिकटच! इथे रंग बघा. डिस्क मॅनेजमेंटच्या खालच्या चित्रात खरी मोकळी जागा 'अनअलोकेटेड' असते, तिच्यावर काळी पट्टी. तुम्हाला मात्र हिरवी पट्टी आणि 'फ्री स्पेस' दिसेल. म्हणजे डी हा एक्स्टेंडेड पार्टिशनच्या आतला लॉजिकल ड्राइव्ह होता. पार्टिशनची नोंद ठेवायच्या जुन्या एमबीआर पद्धतीत डिस्कवर जास्तीत जास्त चार प्रायमरी पार्टिशन बसतात, म्हणून बाकीचे एका एक्स्टेंडेडच्या कुंपणात घालतात. एक्सपीच्या सीडीने पार्टिशन पाडलेल्या डिस्कवर सी सोडून सगळे त्या कुंपणातच. डी गेला तरी कुंपण शाबूत, आणि सी ला कुंपणाच्या आत हात घालता येत नाही. आत ई असेपर्यंत कुंपण निघत नाही, म्हणून ई सुद्धा रिकामा करून उडवा. मग हिरव्या पट्टीवर राइट क्लिक, 'डिलीट पार्टिशन'. पट्टी काळी झाली की सी वरचं 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' लगेच जिवंत होतं. आकडा टाका, नेक्स्ट, फिनिश. या शेवटच्या पायरीला काही सेकंद लागतात, रीस्टार्टही नाही. एवढ्यासाठी लोक विंडोजसकट सगळं पुसून घेतात.

सी च्या उजवीकडे काहीशे एमबीचा रिकव्हरी तुकडा चिकटलेला असेल तर तोही वाट अडवतो. डिस्क मॅनेजमेंटमधून तो उडत नाही. कमांड प्रॉम्प्टमधून चालणाऱ्या डिस्कपार्टमध्ये तो तुकडा निवडून 'डिलीट पार्टिशन ओव्हरराइड' द्यावं लागतं. तो गेला की विंडोजची दुरुस्तीची सोय जाते, म्हणून विंडोजचा बूटेबल पेन ड्राइव्ह आधी करून ठेवा. मध्येच डिस्क 'डायनॅमिक' करू का असं विचारलं तर नाही म्हणा. परत बेसिक करायला डिस्क रिकामी करावी लागते.

डेटा न हलवता पार्टिशन सरकवून देणारी बाहेरची सॉफ्टवेअरं आहेत. फिरत्या जुन्या डिस्कवर ती तासन् तास चालतात आणि मध्ये लाइट गेली की डी गेलाच समजा. आपल्याकडच्या लाइटच्या भरवशावर, यूपीएस नसताना, हे करूच नये.

आणि हो, कॉपी सुरू करण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर टाकून डिस्कची तब्येत बघा. 'कॉशन' पिवळं आणि ०५ किंवा सी५ च्या (खराब किंवा संशयित जागा मोजणाऱ्या) ओळीत शून्याहून वेगळा आकडा असेल तर पार्टिशनचा खेळ सोडा, डेटा काढा आणि डिस्क बदला. तापमानही तिथेच दिसतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, बंद डब्यातली डिस्क सहज ५० गाठते. मोठी कॉपी सकाळी लावा. जिनिंगजवळ दुकान असेल तर पंख्यात अडकलेला कापूस आधी ब्रशने काढा.

टॅलीचा डेटा बहुतेकदा सी च्या युजर्समधल्या पब्लिक फोल्डरमध्ये असतो, पण कोणी डी वर हलवलेला असू शकतो. डी उडवण्याआधी टॅलीत कंपनी निवडायच्या स्क्रीनवर पाथ वाचा.

सी ला १५० जीबी दिल्यावर उरलेल्या सगळ्याचा लगेच डी करू नका. सी ला लागून तीसेक जीबी काळी पट्टी तशीच सोडा आणि डी तिच्यापुढे पाडा. त्यासाठी आधी ३०७२० एमबीचा तात्पुरता व्हॉल्यूम बनवायचा, त्यापुढे डी, मग तात्पुरता उडवायचा. पट्टी पुन्हा लाल झाली तर नुसतं एक्स्टेंड दाबायचं, डी ला हातही लावावा लागत नाही.