माहुलीची दरड आणि जुना डीएनए

साताऱ्याहून कोरेगाव रस्त्याला पाचेक किलोमीटरवर संगम माहुली. कृष्णा आणि वेण्णा इथं मिळतात. देवळांसाठी कधीही जा, पण नदीनं कापलेली दरड बघायची तर मे महिना बरा, पाणी उतरलेलं असतं. मीही तेव्हाच गेलो. डोक्यात प्रश्न एकच: या मातीत खूप जुनं हाड सापडलंच, तर त्यातून डीएनए निघेल का?

उन्हाळ्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कालपरवाचं हाड त्यातून खाली घसरतं, पावसात माती फुगून भेग मिटते, आणि तेच हाड जुन्या थरातलं वाटायला लागतं. त्यामुळं खोलीवरून वय सांगू नये, आधी कार्बन-डेटिंग करावं.

पण डीएनएचा खरा शत्रू ऊन आणि ओल. सायबेरियातल्या डेनिसोवा गुहेत वर्षाचं सरासरी तापमान 0 अंशाच्या आसपास, म्हणून बोटाच्या हाडाच्या एका तुकड्यावरून 2010 मध्ये मानवाची नवी शाखा कळली. आपल्याकडं हरियाणात, राखीगढीच्या हडप्पाकालीन दफनभूमीत 61 नमुने तपासले, तेव्हा एका बाईच्या हाडातून कामापुरता डीएनए मिळाला. आणि ते हाड होतं जेमतेम साडेचार हजार वर्षांचं! माहुलीत चाळीस हजार वर्षांपूर्वीचं काही मिळेल, ही आशा सोडलेली बरी. निअँडरथल म्हणजे साधारण तेव्हाच लोपलेली माणसाची दुसरी शाखा; आपल्या पूर्वजांचा त्यांच्याशी झालेला संकर इथं शोधायचा तो जिवंत माणसांतच. आफ्रिकेबाहेरच्या प्रत्येकाच्या डीएनएत त्यांचा साधारण 2 टक्के वाटा आहे. पिढीगणिक त्यांच्याकडून आलेले हे डीएनएचे तुकडे आखूड होत जातात, त्यांच्या लांबीवरून संकराचा काळ काढतात.

तरीही दरडीत हाड दिसलंच तर ते उपसू नका, पाण्यानं धुऊ नका, डिंक-फेविकॉल तर नकोच. फोटो काढा, जागा टिपा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. कवटी असेल तर काम सोपं. आतल्या कानाभोवतीचं शंखास्थीचं टणक हाड उष्ण प्रदेशातही सगळ्यात जास्त डीएनए राखतं. प्रयोगशाळेत त्याची साधारण 50 मिलिग्रॅम भुकटी पुरते. ड्रिल मात्र हळू फिरवायचं, हाड तापलं की उरलासुरला डीएनएही जातो. मग भुकटी ईडीटीए (हाडातलं कॅल्शियम काढणारं रसायन) आणि प्रोटिनेज-के (प्रथिनं तोडणारं विकर) यांत रात्रभर ठेवतात आणि सुटलेला डीएनए सिलिकावर धरतात.

डीएनए म्हणजे ए, सी, जी, टी या चार रासायनिक अक्षरांची माळ; हाती येतात ते बहुधा शंभर अक्षरांहूनही आखूड तुकडे. त्यांच्या टोकांशी ‘सी’च्या जागी ‘टी’ वाढलेला दिसला, तर डीएनए जुना. तसं नसेल तर तो बहुतेक खोदणाऱ्याचाच. म्हणून हातमोजे, मास्क घालूनही खणणाऱ्या सगळ्यांच्या गालाच्या आतले नमुने आधीच घेऊन ठेवतात.