पिवळी वर्तुळं आणि जुना किल्ला
फ्रान्समधल्या कारकासोनच्या मध्ययुगीन किल्ल्यावर २०१८ मध्ये फेलिचे वारिनी या कलाकाराने भल्यामोठ्या पिवळ्या वर्तुळांचं काम केलं होतं, त्याचे फोटो परवा परत बघत बसले आणि पुन्हा तेवढीच भारावले. जवळून पाहिलं तर बुरुजावर एक पिवळा तुकडा, पलीकडच्या भिंतीवर दुसरा, काही म्हणजे काही अर्थ लागत नाही, पण ठराविक एका जागी उभं राहिलात की सगळे तुकडे जुळून एकात एक अशी गोल वर्तुळं दिसतात, अगदी किल्ल्यासमोर हवेत काढल्यासारखी! दोन पावलं बाजूला सरका, की परत विस्कटलं.

तिथल्या बऱ्याच लोकांना ते अजिबात आवडलं नव्हतं, किल्ला विद्रूप केला म्हणाले. त्यांचा राग मला पटतो, कारण दगडाला एकदा इजा झाली की ती भरून येत नाही. म्हणूनच तिथे दगडावर थेट रंग न लावता रंगवलेले अ‍ॅल्युमिनियमचे पातळ पत्रे चिकटवले होते, नंतर ते काढले.

पण खरं सांगू, त्या पिवळ्यामुळेच मी पहिल्यांदा प्रत्येक बुरुज वेगवेगळा नीट बघितला, कुठला पुढे, कुठला मागे.