आरपीसीची गळती चाचणी : माझा अनुभव

रेझिस्टिव्ह प्लेट चेंबर, म्हणजे आरपीसी, हा दोन काचांमध्ये वायू भरलेला, सूक्ष्म कण टिपणारा शोधक. तो बांधताना काच कापणं, ग्राफाइटचा थर फवारणं, काचांमधलं अंतर राखणारे बटन स्पेसर चिकटवणं ही कामं हात बसला की सुरळीत होतात. अडतं ते गळती चाचणीपाशी, म्हणजे गॅपमध्ये (दोन काचांमधल्या बंद पोकळीत) वायू भरून दाब टिकतो का ते बघण्यापाशी, आणि मला सगळ्यात जास्त छळलं ते तिच्या फॉर्मने. त्यावर दोनच रकाने : सुरुवातीचा दाब आणि १० मिनिटांनंतरचा दाब. उतार ०.४ मिलिबारच्या आत असेल तर गॅप पास, नाहीतर नापास. खोलीचं तापमान आणि हवेचा दाब लिहायला जागाच नाही. त्यापायी चांगले गॅप परत येत राहिले, आणि त्याहून वाईट म्हणजे गळके पुढे गेले.

हिशेब करून बघा. २ मीटर × २ मीटरचा गॅप, दोन काचांमधलं अंतर २ मिमी. आत वायू फक्त ८ लिटर, पण त्याला लागून दोन्ही बाजूंना चार-चार चौरस मीटर काच. खोली निवली की तो लगेच निवतो. बंद जागेतल्या वायूचा दाब दर अंशामागे सुमारे ३.४ मिलिबारने बदलतो, म्हणजे ०.१२ अंशाच्या फरकातच ०.४ मिलिबारची सगळी सूट संपते. काच किंचित फुगते-बसते म्हणून प्रत्यक्षात बदल थोडा कमी दिसतो, तरी निकाल फिरवायला तो पुरतो. उलट खोली तापत असेल तर खरी गळती झाकली जाते आणि मॅनोमीटरच्या, म्हणजे दाब दाखवणाऱ्या नळीतलं पाणी जागचं हलत नाही. हा गॅप बिनदिक्कत पास होतो.

त्यात मॅनोमीटरचं दुसरं टोक हवेला उघडं. उष्ण प्रदेशात सकाळी दहाच्या सुमाराला हवेचा दाब चढलेला असतो आणि दुपारी चारपर्यंत २-३ मिलिबारने उतरतो. लांबलेल्या चाचणीत हा उतारही गळती लपवतो.

म्हणून फॉर्म काहीही म्हणो, मी सांगेन की चार आकडे लिहा : मॅनोमीटरचा दाब, हवेचा दाब, काचेला चिकटवलेल्या सेन्सरचं तापमान आणि वेळ. पहिले दोन मिळवा, बेरजेला केल्व्हिनमधल्या तापमानाने भागा. भागाकार स्थिर राहिला तर गॅप घट्ट. वायू भरल्यावर निदान अर्धा तास थांबा आणि गॅपवर थर्मोकोलची शीट टाका. शेजारी खात्रीचा घट्ट गॅप जोडून ठेवला तर आणखी छान. दोघांच्या दाबातला फरकच पाहायचा.

भरताना २० मिलिबार, म्हणजे पाण्याची सुमारे २० सेंटिमीटर उंची, ओलांडू नका. आकडा किरकोळ वाटतो, पण ४ चौरस मीटरवर तो ८००० न्यूटन होतो, जवळजवळ ८०० किलोचा भार. १० सेंटिमीटरवर एक स्पेसर धरला तर प्रत्येकाच्या वाट्याला २० न्यूटन. एक सुटला की शेजाऱ्यांवर ताण येतो, काच फुगते, तिथलं विद्युत क्षेत्र घटतं आणि तेवढा भाग कण नीट टिपत नाही. सुटलेला स्पेसर ओळखायला दाब असतानाच प्रत्येक स्पेसरवर बोटाने हलकं दाबा. पक्का असेल तर पाणी हलत नाही, सुटला असेल तर उसळतं. वायूच्या वाटेवर तेलाचा बबलर (तेलातून बुडबुडे सोडणारी बाटली) लावला की जास्तीचा दाब आपोआप बाहेर जातो.

गळती बहुतेक वेळा कोपऱ्यातल्या नोझलपाशी (वायू आत-बाहेर जाण्याच्या तोंडापाशी) सापडते, जिथे इपॉक्सी पातळ लागलेलं असतं. साबणाचा फेस लावू नका, ओलावा आणि डाग पुढे उच्च दाबाच्या विजेला वाट देतात. आर१३४ए हा फ्रिजमधला वायू थोडा भरून फ्रिजवाले वापरतात तो स्निफर (वायूची गळती हुंगणारं यंत्र) कडेने हळू फिरवा.

गळतीइतकंच नळ्यांकडेही बघा. जपानमधल्या बेल या कणभौतिकीच्या प्रयोगात काचेच्या आरपीसींना प्लॅस्टिकच्या नळ्यांतून झिरपणाऱ्या बाष्पाने ग्रासलं होतं. नळ्या तांब्याच्या केल्यावर ते थांबलं. गॅप घट्ट असूनही बाष्प आत येतं, आणि ही चाचणी ते कधीच दाखवत नाही.

आणि हे खरं तर आधी सांगायला हवं होतं : गॅप जोडण्यापूर्वी त्याच्याकडची झडप बंद ठेवून नुसत्या नळ्या, जोड आणि मॅनोमीटरची चाचणी घ्या. तिथेच दाब उतरत असेल तर गॅपला हात लावू नका.