अकराची कसोटी

२०२० चा ऑगस्ट. शाळा बंद आणि माझं दुरुस्तीचं दुकान ओसंडून वाहतंय. गणिताच्या एक मॅडम लॅपटॉप घेऊन आल्या. गृहपाठ तपासायचं ॲप फक्त अँड्रॉइडवर चालायचं आणि मोबाईलवर वह्या वाचून डोळ्यांचं भजं झालं होतं. "विंडोज राहू दे, शेजारी अँड्रॉइड बसवून द्या."

काम माझ्या सवयीचं. अँड्रॉइड-एक्स८६ ची, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या अँड्रॉइडची, ९.० आवृत्ती पेनड्राइव्हवर तयारच होती. सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी सिस्टीम सुरू होऊ न देणारा पहारा, चालू असताना ती उठेना, म्हणून बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरून ते बंद केलं. तिथेच घाईत 'क्लिअर टीपीएम'लाही, म्हणजे किल्ल्या सांभाळणारी चिप पुसायलाही, होकार देऊन बसलो. अक्कल गहाण ठेवणं म्हणतात ते हेच.

पुढच्या वेळी विंडोज उठलंच नाही. निळा पडदा, विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर ४८ आकडी रिकव्हरी की मागतंय. डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) आहे हे मॅडमना ठाऊक नव्हतं, मीही बघितलं नव्हतं. सिक्युअर बूट परत चालू करून आता उपयोग नव्हता, कारण कुलपाची किल्ली असते टीपीएममध्ये आणि ती मीच पुसली होती. आत दहावीच्या नोट्स, बॅकअप शून्य.

लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला होता मॅडमच्या मुलाने, त्याच्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर. तो पुण्यात. अकाउंटमध्ये की सापडली, तो फोनवर जोडीजोडीने सांगत गेला, मी बिलाच्या पाठीमागे लिहीत गेलो. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. टाकली, तर चूक.

तेव्हा आठवलं, की यातल्या प्रत्येक गटाला ११ ने भाग जातो. मॅडमना सांगायचा अवकाश, त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं. एकाआड एक आकड्यांच्या दोन बेरजा, त्यांतला फरक शून्य किंवा ११ च्या पटीत यायला हवा. पाचव्या गटाशी थांबल्या. तो असा काहीसा होता : ४१९२७७. "चार, नऊ, सात वीस. एक, दोन, सात दहा. फरक दहा. हा चुकलाय. विचारा त्याला."

"सत्याऐंशी म्हणालो होतो, काका!"

मी सत्याहत्तर लिहिलं होतं. ८७ टाकले आणि विंडोज उघडलं.

आधी सगळा डेटा बाहेर काढला, एन्क्रिप्शन बंद केलं. मग सी ड्राइव्हमधून ३२ जीबी कापून तिथे अँड्रॉइड बसवलं. सुरू होताना कोणती सिस्टीम हवी ते विचारणाऱ्या ग्रबच्या यादीत दोन्ही नावं आली. मॅडमनी हौसेने ॲप उघडलं आणि अख्खा पडदा आडवा झाला, कारण ॲप उभ्या मोबाईलसाठी लिहिलेलं. मी सेटिंग शोधेपर्यंत त्यांनी लॅपटॉप पुस्तकासारखा उभा धरून पहिली वही तपासायला घेतली होती.