इंग्रजांसाठी मेले, मग त्यांचा शोध कशाला?

पहिल्या महायुद्धात इंग्रजांसाठी मेलेल्यांना कशाला शोधता, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आमचं गाव बीडच्या आष्टी तालुक्यातलं, नगर जिल्ह्याच्या शिवेला लागून. शाळेसमोर माजी सैनिकांनी वर्गणी काढून बांधलेलं स्मारक आहे. त्यावर सगळ्यात वर पहिल्या महायुद्धात गेलेल्यांची नावं आहेत. नाव आणि बापाचं नाव, बाकी काही नाही. ते कोणत्या पलटणीत होते, कुठं पडले, हे मी शोधतोय म्हटलं की कुणीतरी विचारतंच, ‘ते तर इंग्रजांसाठी मेले. आपला लढा १७ सप्टेंबरचा. यांना कशाला उकरता?’

निजामाविरुद्धचा मराठवाडा मुक्तिसंग्राम मलाही तितकाच जवळचा आहे. पण तेव्हा शिपायाला महिना ११ रुपये मिळायचे आणि आमचा भाग अवर्षणाचा. थोरल्यानं रान धरायचं, धाकट्यानं पलटणीत जायचं. प्रजा निजामाची, पलटण इंग्रजांची, मरण तुर्कांच्या मुलखात. कुणासाठी लढायचं, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

माग जातो तो बहुतेक मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी इंग्रज जनरल टाउनशेंडच्या फौजेत होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये कूत इथं त्यांना तुर्कांचा वेढा पडला. धान्य संपत आलं तसे घोडे कापले गेले, पण ते मांस खायला आपली माणसं कितीतरी दिवस तयार नव्हती. २९ एप्रिल १९१६ ला फौज शरण गेली. कैद्यांना वाळवंटातून पायी चालवत नेलं, रास-अल-ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामाला लावलं. किती वाटेतच गेले.

बसऱ्याला या मोहिमेत गेलेल्या, पण ज्यांची कबर माहीत नाही अशा ४०,००० हून जास्त जणांचं स्मारक आहे. तिथं गोऱ्या शिपायांची नावं कोरली. आपल्या शिपायांचे मात्र पलटणीखाली नुसते आकडे टाकले. युद्धकबरींच्या आयोगानं (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन) २०२१ मध्ये या भेदभावाबद्दल माफी मागितली. म्हणजे तिकडच्या स्मारकावर पलटण आहे पण नाव नाही, आणि आमच्या शाळेसमोर नाव आहे पण पलटण नाही. या दोन्हींची गाठ घालायची, एवढंच माझं काम आहे.

आयोगाच्या वह्यांतल्या नावांच्या नोंदी आता ऑनलाइन आहेत, पण बीड तिथं ‘भीर’ असतं, अंबाजोगाई ‘मोमिनाबाद’, आणि रामा, गणू तर ढिगानं. मग खासरा पत्रक, म्हणजे जमिनीची जुनी नोंद काढायची, वारसांची नावं जुळवायची, त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वंशावळींच्या वह्यांत गावाचं पान बघायचं. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी तहसिलातली जुनी उर्दू आणि मोडी दप्तरं उघडली गेली, त्याचा मला फार उपयोग झाला.

एक गोष्ट मला टोचते. १११ वी महार पलटण १९१७ मध्ये उभी राहिली, १९२१ मध्ये मोडली. आमच्या स्मारकावर त्या वेळच्या महारवाड्यातलं एकही नाव नाही. तिथून कुणी गेलंच नसेल, हे मानायला मी तयार नाही. ती नावंही शोधतोय.

एका घरी देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी चांदीचं पदक पुजलेलं होतं. त्यावरच्या घोडेस्वाराला घरचे खंडोबाच मानत आले. पालथं केलं तर पाचवा जॉर्ज. कडेवरच्या बारीक अक्षरांत वर्षानुवर्षांचा भंडारा बसला होता, म्हणून ती पिवळी उठून दिसली: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. त्यावरून आयोगाच्या वहीतली नोंद सापडली. आजींनी ना राजाचं विचारलं ना लढाईचं. म्हणाल्या, ‘तिथी कळंल का रं बाबा?’ तिथी ठाऊक नाही म्हणून तीन पिढ्या त्याचं पान सर्वपित्री अमावस्येला वाढत होते. नोंदीत तारीख होती. गुरुजींनी जुन्या पंचांगातून तिथी काढून दिली.

तुमच्याकडं असं पदक असेल तर चिंच लावून घासू नका आणि सोनाराकडं तर मुळीच देऊ नका. कडेवरचा नंबर आधी कागदावर उतरवून घ्या. पुढचं मी बघतो.