तुम्ही विचारलंत म्हणून: कार सोडून पिकअप का?

"पावणं, आता तरी एखादी चांगली कार घ्या की!" लग्नात, बाजारात, बँकेच्या रांगेत, कुठंही गेलो तरी हे ऐकायला मिळतं. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. हातात चार पैसे आहेत, पोरं मार्गी लागलीत, तरी हा माणूस मंगल कार्यालयाच्या दारात कारच्या रांगेत बोलेरो पिकअप आणून लावतो, याचं त्यांना खरंच कोडं पडतं. उभ्या उभ्या एवढं सगळं कुठं सांगत बसणार? पण आता तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट, मला ही गाडी चालवायला आवडते. सोय, फायदा हे सगळं त्यानंतर.

माझी शेती कोरेगाव तालुक्यात, पीक आल्याचं. आमच्याकडं आल्याचा दर गाडीवर ठरतो आणि एक गाडी म्हणजे ५०० किलो. माझ्या पिकअपची क्षमता १७०० किलोची. तीन गाड्या आलं भरलं तरी ती कुरकुरत नाही. २००५ साली टाटा एस आली, आपला छोटा हत्ती, तेव्हा गावोगाव लोकांची मोठी सोय झाली. पण तो पाऊण टनाचा. आल्याला आणि घाटाला कमी पडतो. टाटाची ४०७, तो मोठा टेम्पो, तशी दमदार, पण माझ्या रानाच्या वाटेवर तिला वळायला जागा नाही. पिकअप बांधापर्यंत येते, तिथं भरते आणि थेट हायवेला लागते.

खरी मजा भरल्यावर आहे. रिकामी पिकअप चालवून नाक मुरडणारे खूप भेटतात. त्यांचं खोटं नाही. मागचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, दीड-दोन टन पेलायला बनवलेले. हौदा रिकामा असला की ते दबतच नाहीत, खड्ड्यात गाडी मागनं उडते. पावसात तर जास्तच जपावं लागतं, कारण ओढ मागच्या चाकांना आणि वजन सगळं पुढं. हीच गाडी भरा. पाटे बसतात, टायर रस्ता धरतात आणि मघाशी उड्या मारणारी गाडी पाणी भरलेल्या घागरीसारखी निवांत होते. २५२३ सीसीचं डिझेल इंजिन, जोर इंजिनच्या कमी फेऱ्यांतच. दुसऱ्या गिअरवर ओझं घेऊन चढ चढताना त्याचा आवाज एका सुरात लागतो. तो आवाज ऐकायला मी रेडिओ बंद करतो.

मात्र भरणं नीट पाहिजे. जड पोती केबिनच्या बाजूला, हलका माल मागच्या फाळक्याकडं. सगळं वजन मागच्या चाकांच्याही मागं गेलं की पुढचा भाग हलका पडतो आणि स्टिअरिंग हातात लागत नाही. हमाल घाईत असतात, म्हणून भरताना मी स्वतः उभा राहतो. निघताना मागच्या टायरांची हवा बघायची, ताडपत्रीचा दोर हाताने ओढून बघायचा.

पुण्याला माल घेऊन जायचं ते रात्रीच. साताऱ्याकडून जाताना खंबाटकी घाटाचा जुना बोगदा लागतो आणि बोगद्याबाहेर पडलं की पुढं ते एस वळण, तेही उतारावर. तिथं किती अपघात झालेत हे आपल्याकडं पोरासोरांनाही माहीत आहे. गाडी भरलेली असली की मी बोगद्यातच गिअर खाली घेतो, इंजिनला गाडी धरू देतो आणि ब्रेक राखून ठेवतो. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे ड्रायव्हर मला बघवत नाहीत. ते वळण भरल्या गाडीनिशी, ब्रेकवर पाय न आदळता, एका लयीत पार केलं की जे समाधान मिळतं ते मला कुठल्या कारमध्ये मिळालेलं नाही.

आणि जिवंत ओझं तर वेगळंच. शेजाऱ्याचा शर्यतीचा खोंड मी अधूनमधून नेतो. २०२३ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यतींना परवानगी देणारा कायदा कायम ठेवला, तेव्हापासून आमच्या भागात पिकअपमधून बैल जाताना सारखे दिसतात. हौद्यात उसाचं पाचट जाड अंथरायचं, बैलाचं तोंड पुढं ठेवायचं, दोन्ही बाजूंनी बांधायचं. शेजारी माझ्या बाजूला बसतो, पण त्याचं सगळं ध्यान मागच्या काचेत. वळण आलं की बैल पाय फाकवून भार बाहेरच्या अंगाला घेतो, ते मला सीटमधून कळतं. त्याला पाय रोवायला वेळ मिळावा म्हणून मी बराच आधी वेग कमी करतो. चुकून ब्रेक जरा जोरात लागला तर पाचटातूनसुद्धा खुरांचा ठोका पत्र्यावर ऐकू येतो आणि शेजारी माझ्याकडं बघतो, बोलत काही नाही. दोन-चार वळणांत बैलाला माझा हात कळतो, मला त्याचा. एवढं जपून मी माणसांनासुद्धा नेत नसेन.

दारात पिकअप असली की गाव हक्कानं येतं. मांडवाचे वासे, शेणखत, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, गणपतीची मूर्ती, कुणाचं कपाट. नाही म्हणवत नाही आणि म्हणायचंही नसतं. नाही म्हणतो ते एकाच गोष्टीला: हौद्यात माणसं बसवायची नाहीत. कायद्यानं मनाई आहेच, पण त्याहून म्हणजे पाट्यांच्या धक्क्यावर धरायला काही नसलेली पोरंबाळं मागं बसलीत हे माहीत असताना माझा हात चालणार नाही. लग्नाच्या सीझनला यावरून रुसवे होतात. होऊ देत.

घरच्यांची तक्रार मात्र रास्त आहे: पुढं ड्रायव्हरसकट दोघं-तिघं बसतात, नातवंडं आली की घोळ. म्हणून गाडी बदलायची ठरलंय आणि त्यातही कार नाहीच. डबल केबिनची फोर व्हील ड्राइव्ह पिकअप बघतोय. इसुझूची व्ही-क्रॉस आहे, २०२२ ला आलेली टोयोटाची हायलक्स आहे, हायलक्सला २.८ लिटरचं इंजिन. आत पाच माणसं, मागं हौदा. दोन्हींची लांबी पाच मीटरच्या वर आणि आमचं अंगण तेवढं लांब नाही. गोठ्याची भिंत मागं घ्यावी लागेल. गवंड्याला सांगून ठेवलंय, दिवाळीनंतर येतो म्हणाला.