शेजारणीचा हंडा

लालबागच्या चाळीतल्या काकू, वय अठ्ठावन्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नवरा जाऊन वर्ष व्हायला आलं होतं. पोळ्या करून द्यायचं काम सुटलं, जेवण तुटलं, रात्री दोनला झोप उडायची. ओपीडीतल्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू करून माझ्याकडे समुपदेशनासाठी पाठवलं. पीएचक्यू-९ या नैराश्य मोजणाऱ्या नऊ प्रश्नांच्या चाचणीत २७ पैकी १९ गुण; गुण जितके जास्त, तितका त्रास जास्त.

त्यातला नववा प्रश्न मी कधीच घाईत उरकत नाही. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारलं. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. ‘मेलेलं बरं, असं वाटतं. पण करणार नाही हो काही.’ रात्री जीव घाबरला तर कोणाला उठवायचं ते त्याच दिवशी ठरवलं, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोठ्या अक्षरात लिहून दिला.

घरचे सांगायचे, ‘मन रमव.’ मन लागत नाही, हाच तर आजार! बिहेवियरल ॲक्टिव्हेशन या उपचारपद्धतीत आम्ही मन लागायची वाट बघत नाही. आधी एखादी बारकी कृती, मन मागून येतं. पण कोणती कृती, हे त्या माणसाच्याच दिवसात शोधावं लागतं. म्हणून वही दिली: तासातासाला काय केलं आणि किती बरं वाटलं, ० ते १०.

तिसऱ्या भेटीला काकूंनी वही पुढे सरकवली. ‘पडून होते. ०.’ ‘पडून होते. ०.’ पानामागून पान तेच. मला धास्ती वाटायला लागली. मग गुरुवार, पहाटे पाच: ‘पाणी भरलं. ३.’

‘इथे तीन कसे, काकू?’

बराच वेळ त्या पदराचं टोक चुरगाळत बसल्या. ‘शेजारची बाळंतीण आहे. तिचा हंडा दाराशी रिकामाच होता. तोही भरला. तिनं चहा दिला, आल्याचा.’

‘आणि बाकीचे दिवस?’

‘मुलगा भरतो. मला उठूच देत नाही.’

मायेपोटी घरच्यांनी त्यांच्या हातातलं एकेक काम काढून घेतलं होतं. मुलगा बाहेरच बसला होता, त्याला आत बोलावलं. तीन दिवस पाणी आईला भरू दे म्हटल्यावर त्याचा आवाज कापला. ‘मॅडम, जन्मभर राबलीय ती. आता आजारपणात पण?’

मी काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, ‘सोमवार, गुरुवार, शनिवार. आणि तिचा हंडापण मीच भरणार.’

तीन भेटींत, न विचारता बोललेलं त्यांचं हे पहिलं वाक्य.

आठव्या आठवड्यात गुण ११ वर आले. झोप अजून नीट नाही. गोळ्या आणि भेटी चालूच आहेत. परवा वहीत होतं: ‘तिच्याकडे कणीक मळून दिली. बाळ फार रडत होतं. ५.’